मागची पानं : जुन्या विज्ञानकादंबऱ्या आणि आमच्या ले-आउटचे वाचक

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

गुढी उभारून, नैवेद्य दाखवून दहा वाजता समाजभवनातलं लोखंडी कपाट उघडलं. आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, नागपुरातल्या मानेवाड्याकडचं. साठेक घरं आणि तीन फ्लॅट स्कीम. या कपाटात आधी गणपतीच्या झालरी आणि माइकच्या वायरी असायच्या. आता चौदा पुस्तकं आहेत. ज्यूल व्हर्नची तीन, एच. जी. वेल्सची तीन, मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन', टॉल्कीनचं 'हॉबिट', असिमॉव्हचं 'आय, रोबॉट', ब्रॅडबरीचं 'फॅरनहाइट ४५१', जयंत नारळीकरांची तीन आणि देवकीनंदन खत्रींची हिंदी 'चंद्रकांता'. काही मराठीत, काही हिंदीत, काही इंग्रजीत. नागपुरात ही अडचण नाही, घरटी कोणीतरी तिन्ही वाचतं.

खर्च: बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आठ जुनी पुस्तकं ६४० रुपये, नवीन सहा १,३८० रुपये.

काम असं ठरवलं आहे की जो कोणी पुस्तक नेईल त्याने वाचताना स्वतःला काय झालं ते लिहून द्यायचं. परीक्षण नको, सारांश नको. पस्तीस वर्षं मी शाळेत 'लेखकाला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न घालत आले. 'तुला काय झालं?' हे एकाही मुलाला विचारलं नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून ही गोष्ट मनातून जात नाही.

छापील फॉर्म करून घेतले. २०० प्रती, ३०० रुपये. पुस्तकाचं नाव, आवडलेलं पात्र, दहापैकी गुण, अभिप्राय.

१३ एप्रिल

अकरा फॉर्म परत आले. नऊ जणांनी 'छान आहे' किंवा 'खूप आवडली' लिहिलंय. गुण सगळ्यांचे आठ किंवा नऊ. एका ताईंनी व्हर्नबद्दल 'लेखकाची कल्पनाशक्ती अफाट' लिहिलं, वेल्सबद्दलही तेच. ते वाक्य एका पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेलं आहे. आवडलेलं पात्र म्हणून सगळ्यांनी नायकाचं नाव घातलं.

चूक वाचकांची नाही. फॉर्म दिसतोच प्रश्नपत्रिकेसारखा, आणि समोर बसलेली बाई शिक्षिका. माणूस अशा वेळी बरोबर उत्तर शोधतो. ३०० रुपये आणि दोन आठवडे गेले. उरलेले फॉर्म अभ्यासिकेतल्या मुलांना पाठकोऱ्या बाजूने गणितं करायला दिले.

२० एप्रिल

जे हवं होतं ते आज मिळालं, तेही योगायोगाने.

कोपऱ्यावरच्या घरातले काका सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत एकतीस वर्षं होते. त्यांनी व्हर्नचं 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' नेलं होतं, मराठीतलं. आमच्याकडे त्याला सगळे 'पाताळवालं' म्हणतात. पुस्तक टेबलावर ठेवून ते निघाले. फॉर्म द्यायचा नव्हता म्हणून मी नुसतं विचारलं, "झालं का काका वाचून?"

"झालं. मधात तीन दिवस बंद ठेवलं होतं."

"कुठे थांबलात?"

"त्या पोट्ट्याचा दिवा विझते ना, तिथं."

आणि ते खुर्ची ओढून बसले. कादंबरी १८६४ ची. ॲक्सेल हा पुतण्या, त्याचा प्रोफेसर काका आणि वाटाड्या हान्स असे तिघं आइसलँडच्या ज्वालामुखीतून खाली उतरतात. एका ठिकाणी ॲक्सेल एकटा पडतो, चुकतो, आणि त्याच्या हातातला दिवा मंद होत होत विझतो. मग तो अंधारात धावत सुटतो, पडतो, उठतो, पुन्हा धावतो आणि शेवटी डोकं आपटून घेतो. काका हे सांगत असताना त्यांचा उजवा हात सारखा कपाळाकडे जात होता, जिथे टोपीवरचा दिवा असायचा तिथे. त्यांना ते कळतही नसावं.

मी हाताशी असलेल्या वहीत लिहून घेतलं. पाऊण तास गेला. फॉर्मवर यातलं काय आलं असतं? 'आवडलेलं पात्र: ॲक्सेल. गुण: ८.'

आजपासून एकच प्रश्न: कुठे थांबलात? पुस्तक सोडून दिलं असेल तर कोणत्या पानावर, पूर्ण केलं असेल तर मधे कुठे. त्यापुढे वाचक बोलतील तेवढं. प्रत्येक पुस्तकाला एक पातळ वही, सुतळीने कपाटाच्या आतल्या खिळ्याला बांधलेली. चौदा वह्या, २८० रुपये.

२७ एप्रिल

मोठी चूक केली, दुरुस्त केली. हे काम करणाऱ्या कोणाच्याही हातून ती होईल म्हणून सविस्तर लिहिते.

काकांचं बोलणं मी वहीत उतरवताना असं लिहिलं होतं: 'दिवा विझल्यावर एका जागी बसून राहायचे असते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवत. परंतु हा मुलगा अंधारात धावतो.' काकांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मी नाही बोललो, बाई. हे तुमच्या शाळेतलं कोणी बोललं."

त्यांचं खरं होतं. हात सवयीने दुरुस्ती करत गेला होता. ते पान फाडलं आणि त्यांना समोर बसवून पुन्हा लिहिलं. आता वहीत हे आहे:

'दिवा गेला का जाग्यावर बसाचं. हे आमाले पह्यल्या दिवशीच सांगत. हे पोट्टं पयते. अंधारात पयते! मी पुस्तक बंद केलं. मले मालूम होतं का ते वाचते, तोच तर मागून गोष्ट सांगून राहिला. तरी बी तीन दिवस उघडलं नाही.'

शेवटून दुसरं वाक्य पाहा. कादंबरी ॲक्सेलच्याच तोंडून सांगितलेली आहे, म्हणजे तो जिवंत राहणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. माहीत असूनही काकांना पुढे जाता आलं नाही. माझ्या पहिल्या नोंदीत हे वाक्य नव्हतंच, 'फारसं महत्त्वाचं नाही' म्हणून मी गाळलं होतं.

नियम: बोलले तसं लिहायचं. 'मले' तर 'मले'. वाचून दाखवायचं आणि ते 'हो' म्हणाले तरच वहीत जाईल. दहा मिनिटांच्या बोलण्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवलेलं उतरवायला त्याहून जास्त, कारण मधे कुकरची शिट्टी, टीव्ही, रस्त्यावरचा भाजीवाला.

४ मे

तीन वह्या गेल्या. समाजभवनात ऊन सुरू होताच कूलर लावला, वाळ्याच्या नव्या ताट्या घालून. कपाट त्याच्या बरोबर समोर आणि दार दिवसभर उघडं. दमट हवेने पानं फुगली, कोपरे वळले आणि जेल पेनने लिहिलेली शाई फुटली. 'इनव्हिजिबल मॅन'च्या वहीतल्या चार नोंदी वाचता येत नाहीत. दोन जणांना पुन्हा विचारलं, त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं ते पहिल्यासारखं नव्हतं. पहिल्या वेळी एका दादाने सांगितलेलं मला आठवतं: अदृश्य माणूस थंडीत कपड्यांशिवाय फिरतो, पोटात गेलेलं अन्न पचेपर्यंत बाहेरून दिसतं, हे वाचून त्याची लहानपणापासूनची 'गायब व्हायची' इच्छा संपली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "चांगलं आहे पुस्तक."

काकांचं पान मात्र बचावलं, ते बॉलपेनने लिहिलेलं होतं.

उपाय: कपाट आतल्या भिंतीला सरकवलं, दार बंद, फक्त बॉलपेन. प्रत्येक नोंद झाली की लगेच मोबाइलवर फोटो. नागपूरच्या उन्हाळ्यात कागदाचं काम करणाऱ्यांनी आधी कूलरची दिशा पाहावी.

२२ मे

परवा, २० मेला, पुण्यात जयंत नारळीकर गेले. त्याच संध्याकाळी समाजभवनात सात जण आले, एरवी आठवड्यात तेवढे येतात. तिन्ही पुस्तकं दहा मिनिटांत गेली. उरलेल्यांनी 'वाट पाहतो' म्हणून नावं लिहिली आणि घरी गेले नाहीत, बसले. एका काकूंनी सांगितलं की 'कृष्णविवर' हा शब्द त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधी नारळीकरांकडून मिळाला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी याच नावाची कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि ती पहिली आली होती. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केला की हे नाव तयार होतं. हे सांगितल्यावर आयटीआयमधला एक मुलगा तिथल्या तिथे बोटावर अक्षरं मोजू लागला.

त्या मुलाने आज 'वामन परत न आला' परत केलं. वामन हे त्यातल्या यंत्रमानवाचं नाव. मुलाची नोंद: 'मी बसमध्ये थांबलो. शेवटची वीस पानं उरली होती. मोबाइल काढला, त्याला काहीतरी विचारणार होतो, आणि खिशात परत ठेवला.' एवढीच नोंद. मी पुढे काही विचारलं नाही.

मी स्वतः आजवर एकही नोंद केली नव्हती. आज केली. नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा. त्यातले दत्तदा घराच्या गच्चीवरून नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं निघतं. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याची दिशा बदलतात, आणि इकडे दत्तदांच्या घरी त्यांची बायको अरिष्ट टळावं म्हणून यज्ञ करते. मी थांबले ती तिथे. २४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीतच, सूर्यग्रहण होतं. आदल्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून दाखवली होती, काळ्या चष्म्याबद्दल सांगितलं होतं. त्या सकाळी मी पाचव्या महिन्याची गरोदर होते आणि सासूबाईंच्या शब्दाखातर पडदे ओढून, हात मांडीवर ठेवून बसले. सुरी हातात धरली नाही, भाजी चिरली नाही. सुट्टीनंतर वर्गातल्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही कसं पाहिलं?" मी म्हटलं, "ढग होते." कथेतल्या दत्तदांना घरातच जी हार पत्करावी लागते ती मला कथा म्हणून वाचता येत नाही. हे तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलं.

८ जून

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, तोवर मुलं मोकळी. 'हॉबिट'साठी मुलांच्या नोंदी हव्या होत्या. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. १९३६ मध्ये टॉल्कीनचं हस्तलिखित प्रकाशक अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. एका शिलिंगाच्या मोबदल्यात त्याने छोटासा अहवाल लिहिला: पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी पुस्तक छापलं गेलं. दहा वर्षांचा मुलगा 'पाच ते नऊ' लिहितो, म्हणजे स्वतःला त्यातून बाहेर काढतो, आणि तरीही आवडलं म्हणतो. मला ते फार खरं वाटतं.

म्हणून मी प्रत्येक नोंदीला पाच रुपये ठेवले. चार दिवसांत सतरा नोंदी आल्या, ८५ रुपये. पुस्तकाची प्रत एकच, आणि ती त्या चार दिवसांत एकाच घरी होती! मुलांनी ज्याच्याकडे पुस्तक होतं त्याच्याकडून गोष्ट ऐकली आणि लिहून आणली.

पैसे बंद केले. पण त्या सतरा नोंदी फेकल्या नाहीत. ऐकून लिहिलेल्या आहेत, तसं वर लिहून ठेवल्या. त्यातल्या बहुतेकांनी कोड्यांच्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं, अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात तो. म्हणजे सांगणाऱ्या मुलाने तोच सगळ्यात रंगवून सांगितला. त्याला वेगळं बोलावून विचारलं. तो म्हणाला, "शेवटचं कोडं कोडंच नाही ना! 'माझ्या खिशात काय आहे' हे चीटिंग आहे. मी तिथे थांबलो आणि आईला विचारलं, हे चालते का?" आई काय म्हणाली? "आई म्हणाली, जीव वाचवायला चालते."

२९ जून

वही वेगळी ठेवण्यात आणखी एक तोटा निघाला. पुस्तक एका घरी, वही कपाटात, आणि वाचक परत येईपर्यंत सांगायचं विसरतो. म्हणून महाल भागातल्या एका बाइंडरकडे पुस्तकं नेली. मागे सोळा-सोळा पानांचे दोन कोरे जुज (एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे), जुजबंदी शिलाई, कापडी कणा. एका पुस्तकाला ९० रुपये. इंग्रजी पेपरबॅक खोलताना त्याचा डिंक तुटला आणि पानं सुटी झाली, त्याचे वेगळे ४० रुपये. सहा पुस्तकं झाली, बाकी थांबवली, कारण नवीनच घोटाळा समोर आला.

'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'च्या मागच्या कोऱ्या पानांवर पहिली नोंद निवृत्त बँकवाल्या काकांची. त्यांनी सुरुवातच अशी केली की कॅप्टन नीमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानच्या नात्यातला, १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेला. माहिती अगदी बरोबर आहे, पण ती व्हर्नने या पुस्तकात दिलेलीच नाही. ती येते पुढच्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये. नीमोला आधी पोलिश सरदार करायचं व्हर्नच्या मनात होतं, रशियातला खप जाईल म्हणून प्रकाशक हेत्झेलने विरोध केला, आणि १८७० च्या पुस्तकात नीमो कुठला हे झाकलेलंच राहिलं.

पुस्तक हातात घेतलं की आपले लोक मागचं पान आधी उघडतात. पुढच्या चार वाचकांनी हे आधी वाचलं आणि चौघांच्याही नोंदीत 'नीमो आपला माणूस' एवढंच आहे. पाचवी नोंद नववीतल्या मुलीची. तिच्याकडे इंग्रजी संपूर्ण प्रत होती, मागे काही न लिहिलेली. सिलोनजवळ नीमो एका गरीब मोती काढणाऱ्याला शार्कपासून वाचवतो, त्याला मोत्यांची पिशवी देतो आणि नंतर म्हणतो की हा माणूस पिचलेल्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. आमच्याकडच्या मराठी संक्षिप्त प्रतीत हा भाग चार ओळींत आटोपला आहे. मुलीने लिहिलं: 'मी इथे थांबले आणि नीमो पहिल्यांदा दिसतो ते पान परत काढलं. तो कोणती भाषा बोलतो, त्याचा रंग कसा, सगळं पुन्हा बघितलं. मला वाटतं तो इकडचा आहे. कोणाला विचारायचं नाही असं ठरवलं.'

पाच दिवस ती त्याच संशयात वाचत होती. हे त्या चौघांना मिळालं नाही, आणि त्याला कारण आमची व्यवस्था.

उपाय: घडीचं पान. ज्या नोंदीत गुपित फुटतं ती लिहिल्यावर पान आतून दुमडायचं, कडेला एक टाका, आणि बाहेर लिहायचं 'पुस्तक संपल्यावर उघडा'. बँकवाल्या काकांनी स्वतःच्या पानाला स्वतः टाका घातला. बाकीची पुस्तकंही आता बाइंडरकडे दिली.

२० जुलै

'ऐंशी दिवसांत जगाची सफर'. दोन नोंदी, दोन्हींवर बरीच चर्चा झाली.

पहिली निवृत्त रेल्वे गार्ड असलेल्या दादांची, साडेतीन पानं. कादंबरीत ऑक्टोबर १८७२ मध्ये नायक फॉग मुंबईहून कलकत्त्याला निघतो आणि गाडी मधेच रानात थांबते, पुढे अलाहाबादपर्यंत रूळच नाहीत. मग तो दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. दादांनी लिहिलं की मुंबई-अलाहाबाद-कलकत्ता मार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता, आणि आपल्या नागपूरला तर गाडी १८६७ मध्ये आली. दोन पानं फक्त हेच. मी त्यांना म्हटलं, दादा, ही दुरुस्ती झाली, तुम्हाला काय झालं ते कुठे आहे? ते थोडे रागावले, पुस्तक घेऊन गेले. दोन दिवसांनी खाली भर घालून आणलं: 'मी चौतीस वर्षे गार्ड होतो. त्या गाडीच्या गार्डने इथे उतरा, पुढे रूळ नाहीत, असे सांगितले आणि प्रवाशांना ठाऊक होते, फक्त या परदेशी लोकांनाच नव्हते. मी कधी असे सांगितले असते तर लोकांनी मला सोडले नसते. रात्री एक वाजेपर्यंत जागा होतो.' आता मला ती दोन पानंही काढावीशी वाटत नाहीत. त्यांचा जीव त्या तारखांत आहे.

दुसरी नोंद धंतोलीहून येणाऱ्या एका ताईंची, तीन ओळी. 'औदा मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. तिला सती नेतात. पारशी घरची मुलगी, वाटेत धूर, तलवारी, काली. मी पुस्तक मिटलं, पुढे वाचणार नाही.' त्याखाली दुसऱ्या काकूंनी लिहिलं: 'व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. राग बरोबर आहे. पण मी वाचलं, कारण शेवटी लग्नाचं फॉगला तीच विचारते.' त्याखाली ताईंनी पुन्हा: 'हे माहीत नव्हतं.' अजून त्यांनी पुस्तक परत नेलेलं नाही. आपण कोणाला आग्रह करायचा नाही.

३ ऑगस्ट

'चंद्रकांता' सगळ्यात जास्त फिरतं, नोंदी सगळ्यात कमी. वाचणारे म्हणतात थांबलोच नाही, तर काय सांगू? खरंच आहे. 'आय, रोबॉट' सहा जणांनी नेलं, चौघांनी दुसऱ्या-तिसऱ्या कथेत सोडलं. त्या पानांचे आकडे लिहून ठेवले आहेत.

आज दोन मोठ्या नोंदी.

'फ्रँकेन्स्टाइन'. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी तेलुगू घरच्या, लग्न होऊन वारंगळहून नागपूरला आल्या. पुस्तकातला राक्षस एका झोपडीच्या मागच्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून त्या घरातल्या माणसांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो. त्या घरी एक परदेशी मुलगी येते, तिला शिकवतात, आणि तिच्याबरोबर हाही बाहेरून शिकतो. वहिनींची नोंद त्यांच्याच शब्दांत: 'मी पण अशीच मराठी शिकली. शेजारच्या वहिनी ओट्यापाशी पोरांना ओरडायच्या, मी आमच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून ऐकायची. पहिला शब्द शिकली तो "सांडलं". आठ महिने कोणाशी बोलली नाही, चुकलं तर हसतील. तो पण थांबतो, पूर्ण भाषा येईपर्यंत. मग बाहेर येतो तर त्याला काठीने मारतात. मी तिथे थांबली. माझ्या वेळी त्या वहिनींनी दार उघडून विचारलं, चहा घेता का. बस एवढाच फरक.'

वहिनींनी नाव लिहू नका म्हटलं. १८१८ मध्ये हे पुस्तक पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यावरही लेखिकेचं नाव नव्हतं. लिहायला घेतलं तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. मागच्या पानांवर आता कोणाचंच नाव लिहीत नाही, नातं किंवा काम तेवढं लिहितो.

'टाइम मशीन', हिंदीतलं. एका फ्लॅट स्कीमच्या चौकीदार दादाने नेलं होतं, बालाघाटकडचा आहे, बायको-मुलांसह पार्किंगमधल्या खोलीत राहतो. १८९५ च्या या कादंबरीत काळप्रवासी सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो. वर उजेडात नाजूक इलॉय, खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक, आणि रात्री खालचे वर येऊन वरच्यांना नेतात. बहुतेक वाचक थांबले ते शेवटच्या समुद्रकिनाऱ्यावर, जिथे सूर्य लाल आणि थोराड होऊन अडकून राहिला आहे. मे महिन्यात, ऐन उन्हात, ते पान वाचून 'थंडी वाजली' असं तिघांनी स्वतंत्रपणे लिहिलं आहे. हा दादा थांबला तो विहिरीसारख्या भोकांपाशी, ज्यातून खालच्या यंत्रांचा आवाज येतो. तो म्हणाला, "पंपाचा आवाज मी खालून ऐकतो, मॅडम. वर कोणाला ऐकू येत नाही. हा साहेब एकदाच खाली उतरला आणि काड्या पेटवत पळाला. खालच्यांपैकी एकाशी तरी बोलायचं होतं."

ही नोंद मी लगेच लिहिली नाही. वाचून कोणी त्याच्याबद्दल तक्रार करेल अशी भीती वाटली. आठ दिवस तशीच ठेवली, आणि तोवर त्याचे नेमके शब्द थोडे निसटले. हे नुकसान माझ्यामुळे झालं. त्याला बोलावून पुन्हा विचारलं, लिहायचं का, तेही विचारलं. तो म्हणाला, "लिहा. पुस्तकाबद्दलच तर बोललो." लिहिली. एका सभासदाने बैठकीत विषय काढला, पान काढा म्हणून. खाणीतले काका उठून म्हणाले, "मंग माझं बी काढा." पान आहे.

२५ ऑगस्ट

तान्हा पोळा झाला, मुलं लाकडी बैल घेऊन समाजभवनातही येऊन गेली. कपाट उघडलं तर वास. बाइंडरने दुसऱ्या खेपेला मैद्याची खळ वापरली होती, मोरचूद (कॉपर सल्फेट) न घालता. पावसात बुरशी आली आणि झुरळांनी चार पुस्तकांचे कणे कुरतडले. 'फॅरनहाइट ४५१' सगळ्यात वाईट, पण आतली पानं शाबूत. कणे सोलून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, मोरचूद घातलेल्या खळीने पुन्हा चिकटवले. मोरचूद विषारी असतं, मुलांचा हात लागू देऊ नका, काम झाल्यावर हात नीट धुवा. चार पुस्तकांचे २०० रुपये. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवला आहे. खळीत काय घालणार हे बाइंडरला आधी विचारा, मी विचारलं नव्हतं.

१४ सप्टेंबर

आजवरचा हिशेब: पुस्तकं २,०२०, फॉर्म ३००, वह्या २८०, मुलांचे ८५, बांधणी १,२६० आणि सुट्या पानांचे ४०, दुरुस्ती २००. एकूण ४,१८५ रुपये. यातले फॉर्म, मुलांचे पैसे आणि दुरुस्ती मिळून ५८५ टाळता आले असते. वह्याही, सुरुवातीपासून पानं मागेच शिवली असती तर. नोंदी एकशे सात, त्यातल्या सतरा ऐकून लिहिलेल्या.

'पाताळवालं' भरलं. बत्तीस पानं संपली, शेवटच्या दोन नोंदी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिल्या आहेत. गुरुवारी महालात नेऊन आणखी दोन जुज जोडून घ्यायचे. काकांनी बजावून सांगितलं आहे की त्यांचं पान शिलाईत दबू देऊ नका, खाली चार बोटं जागा उरली आहे आणि तिथे त्यांना त्या हान्सबद्दल लिहायचं आहे, जो पुस्तकभर फारसा बोलत नाही पण भिंतीला कान लावून पाणी शोधतो.